'तात्पुरतं' आयात शुल्क उठतं तरी कधी?

गलबत

मुक्त व्यापाराचा विषय निघाला की गाडी लगेच ॲडम स्मिथ आणि रिकार्डो या जुन्या अर्थतज्ज्ञांवर जाते. तुलनात्मक लाभाचं गणित (आपण तुलनेने ज्यात सरस ते बनवावं, बाकीचं बाहेरून घ्यावं) १८१७ पासून छापील आहे आणि ते चुकीचं आहे असं गंभीर विरोधकही म्हणत नाहीत. मला त्याच्या पुढचा, जरा रुक्ष प्रश्न पडतो. 'थोडीच वर्षं, उद्योग सावरेपर्यंत' म्हणून लावलेलं शुल्क उठत का नाही?

माझं आवडतं उदाहरण कोंबडीचं. १९६० च्या आसपास अमेरिकेतलं स्वस्त कोंबडीचं मांस पश्चिम जर्मनीत धो धो जायला लागलं. तिथले शेतकरी ओरडले, युरोपच्या सामाईक बाजारपेठेने शुल्क वाढवलं. वाटाघाटी फिसकटल्यावर डिसेंबर १९६३ मध्ये अध्यक्ष जॉन्सन यांनी बदला म्हणून चार वस्तूंवर शुल्क लावलं: बटाट्याचा स्टार्च, डेक्स्ट्रिन, ब्रँडी आणि हलके ट्रक. ट्रकवर २५ टक्के. रोख फोक्सवॅगनच्या व्हॅनवर होता.

पुढे स्टार्च, डेक्स्ट्रिन आणि ब्रँडीवरचं शुल्क गेलं. ट्रकवरचं राहिलं. कोंबडीचं भांडण कशावरून झालं होतं हे आज तिथल्या ट्रकवाल्यालाही माहीत नसेल, पण २५ टक्के तिथेच. साध्या मोटारीवर मात्र पुढे कित्येक वर्षं २.५ टक्केच होतं, म्हणजे दहापट फरक.

या फरकातून काय निघतं ते बघण्यासारखं आहे. फोर्डची ट्रान्झिट कनेक्ट ही छोटी व्हॅन तुर्कस्तानात बनायची. अमेरिकेत ती मालवाहू म्हणून विकायची होती, पण जहाजातून उतरायची ती मागच्या सीट, सीटबेल्ट आणि खिडक्यांसकट, म्हणजे 'प्रवासी वाहन' म्हणून. शुल्क २.५ टक्के भरायचं, बाल्टिमोरच्या गोदामात न्यायची, मागच्या सीट उपटायच्या, काचेच्या जागी पत्रा बसवायचा. उपटलेल्या कोऱ्या सीट भंगारात. कस्टम्सने २०१३ मध्ये हे चालणार नाही म्हटलं, खटला वरपर्यंत गेला आणि शेवटी २०२४ मध्ये फोर्डने ३६ कोटी ५० लाख डॉलर देऊन तडजोड केली. यातली गंमत अशी की या शुल्काचा सगळ्यात मोठा फायदा ज्या अमेरिकी कंपन्यांना झाला, त्यांतलीच ही एक.

नवी सीट बनवून फाडायची, यात देशाची कुठली संपत्ती वाढली?

का उठत नाही याचं उत्तर अर्थतज्ज्ञ मॅन्कर ओल्सन यांनी १९६५ मध्येच देऊन ठेवलंय. फायदा मूठभरांना आणि घसघशीत, तोटा कोट्यवधींना आणि चिमूटभर. मूठभर लोक वकील लावतात, राजधानीत कार्यालय थाटतात. चिमूटभर जास्त पैसे मोजणाऱ्याला आपण ते मोजतोय हेच ठाऊक नसतं. म्हणून शुल्क लावताना त्याचं आर्थिक समर्थन कितीही चांगलं असो, ते उठवण्याची सोय त्याच दिवशी केली नसेल तर माझा त्याला विरोध असतो.

(विनंती: इथल्या पक्षीय राजकारणावर धागा नेऊ नये. त्यासाठी दुसरे धागे ओसंडून वाहतायत.)

---

तिरकस

म्हणजे भांडले कोंबडीवाले, फावलं ट्रकवाल्यांचं. वाचनखूण साठवली आहे.

---

दुर्बीण

लेख रंजक आहे, पण उदाहरण सोयीचं निवडलंय. मुळात वेडगळ असलेलं शुल्क घ्यायचं आणि ते वेडगळ आहे असं सिद्ध करायचं, यात काय मोठंसं?

दक्षिण कोरियाचं बोला. १९६० च्या दशकात पोलाद कारखान्यासाठी हा देश पैसे मागत फिरत होता. जागतिक बँकेच्या तज्ज्ञांनी प्रकल्प परवडणारा नाही असं सांगितलं. तुलनात्मक लाभाच्या हिशोबाने त्यांचं बरोबरच होतं: लोहखनिज नाही, कोकिंग कोळसा नाही, भांडवल नाही, अनुभव नाही. मग १९६८ मध्ये स्थापन झालेली पॉस्को ही पोलाद कंपनी जपानकडून मिळालेल्या नुकसानभरपाईतला पैसा वळवून उभी राहिली. १९७३ पासून अवजड आणि रसायन उद्योगांची मोहीम सुरू झाली: जहाजबांधणी, पोलाद, इलेक्ट्रॉनिक्स. स्वस्त कर्जं, आयातीवर बंधनं, सगळं सरकारी. पुढे काय झालं ते आपल्या सगळ्यांच्या हातातल्या फोनवर दिसतं.

अमेरिकेचे पहिले अर्थमंत्री हॅमिल्टन यांनी १७९१ मध्येच बाल-उद्योगांना संरक्षण द्या म्हणून अहवाल दिला होता. ब्रिटनने धान्याच्या आयातीवर बंधनं घालणारे कायदे रद्द केले १८४६ मध्ये, कारखानदारीत सगळ्यांच्या पुढे गेल्यावर. मुक्त व्यापार हा बहुधा जिंकलेल्यांचा शोध असतो.

---

गलबत

दुर्बीण, कोरिया येणार हे माहीतच होतं, कुणीतरी आणतोच. आणि उदाहरण तगडं आहे.

पण तिथे नेमकं काय होतं ते बघा. निर्यातदाराला कच्चा माल आणि सुटे भाग शुल्काशिवाय आणता यायचे. स्वस्त कर्ज निर्यातीच्या आकड्यावर मिळायचं. अध्यक्ष पार्क चुंग-ही स्वतः निर्यातवाढीची मासिक बैठक घ्यायचे आणि उद्योगपतींना तिथे हिशोब द्यावा लागायचा. म्हणजे घरात संरक्षण, पण परीक्षा बाहेर. परदेशी गिऱ्हाईक देशभक्तीपोटी काही विकत घेत नाही. माल वाईट असेल तर तो सरळ परत पाठवतो.

आता शेजारी ब्राझील ठेवा. १९८४ च्या कायद्याने छोट्या संगणकांची बाजारपेठ देशी कंपन्यांसाठी राखीव केली. तिथेही हेतू शुद्ध, इंजिनिअर हुशार. पण परीक्षा नव्हती, गिऱ्हाईक बांधलेलं होतं. महाग आणि मागे पडलेले संगणक तिथल्या बँकांनी, कारखान्यांनी, विद्यापीठांनी वापरले, म्हणजे एका उद्योगाचा खर्च बाकी सगळ्या उद्योगांनी उचलला. १९९२ मध्ये ते आरक्षण संपलं. त्यातून ब्राझीलची जगात चालणारी संगणक कंपनी काही निघाली नाही.

दोन्हीकडे संरक्षण होतं. तेव्हा संरक्षणामुळे कोरिया घडला असं म्हणायचं, तर त्याच संरक्षणाने ब्राझीलचं असं का झालं ते सांगावं लागेल.

---

दुर्बीण

सांगतो. राज्ययंत्रणेची शिस्त. पण तुम्ही एक गोष्ट अलगद टाळलीत. पार्क लष्करी बंडाने सत्तेवर आले होते, उद्योगपतींना तुरुंगात टाकायची त्यांची तयारी होती. लॉबीला 'नाही' म्हणता आलं ते त्यामुळे. निवडणुकीला उभ्या राहणाऱ्या सरकारने ही शिस्त कुठून आणायची?

---

गलबत

टाळलं नाही, तेच तर माझं म्हणणं आहे. लोकशाही सरकारकडे ती ताकद नसते, म्हणून त्याने हे हत्यार फार जपून हातात घ्यावं.

---

धुरकट

हार्ले-डेव्हिडसन विसरलात काय सगळे? १९८३ मध्ये कंपनी बुडायच्या बेतात होती. रेगन यांनी, म्हणजे मुक्त बाजाराचे ध्वजवाहक म्हणवणाऱ्या रेगन यांनी, ७०० सीसीच्या वरच्या आयात मोटारसायकलींवर ४५ टक्के जादा शुल्क लावलं. मुदत पाच वर्षांची, दर वर्षी कमी होत जाणारं. कंपनी सावरली आणि १९८७ मध्ये तिने स्वतःच जाऊन सांगितलं, मुदतीआधीच उठवा, आता गरज नाही. गलबत यांच्या सगळ्या अटी पूर्ण!

---

वजनकाटा

धुरकट, गोष्ट खरी आहे, पण अर्धी आहे.

एक म्हणजे जपानी कंपन्यांनी लगेच ६९९ सीसीच्या गाड्या काढल्या. ७५० चं इंजिन किंचित आखडायचं, जादा शुल्क शून्यावर. दुसरं, होंडा आणि कावासाकी यांचे कारखाने अमेरिकेतच होते, तिथे बनलेल्या गाड्यांना हे शुल्क लागूच नव्हतं. तिसरं, हार्लेचा जीव हजार सीसीच्या वरच्या गाड्यांत. त्या भिंतीने खरोखर किती अडवलं हा प्रश्नच आहे. कंपनी सावरली ती १९८४ च्या नव्या 'इव्होल्यूशन' इंजिनमुळे (जुन्या इंजिनातून तेल गळायचं हा गिऱ्हाइकांचा नेहमीचा विनोद होता) आणि कारखान्यातला साठा कमी करायच्या पद्धतींमुळे. त्या पद्धती तिने जपान्यांकडूनच उचलल्या होत्या.

तरीही पाच वर्षांची घसरती मुदत कागदावर होती आणि ती पाळली गेली, एवढं श्रेय देतो.

आता नव्या काळाचं एक देतो, कारण त्याचा हिशोब फार स्वच्छ झालाय. २०१८ च्या सुरुवातीला अमेरिकेने आयात वॉशिंग मशीनवर शुल्क लावलं. फ्लेएन, होर्ताचसू आणि टिंटेलनॉट या तीन अर्थतज्ज्ञांनी किमतींचा माग काढला. मशीन सुमारे १२ टक्क्यांनी महागलं. पण त्याच सुमारास ड्रायरही जवळजवळ तेवढेच महागले, आणि ड्रायरवर शुल्क नव्हतंच! तिथे दोन्ही जोडीने विकत घ्यायची पद्धत आहे, त्यामुळे दुकानदार आणि कंपन्यांनी वाढ दोघांत वाटून टाकली. देशी बनावटीची मशीनही महागली, कारण बाहेरची स्पर्धा ढिली पडली होती.

नोकऱ्या वाढल्या का? वाढल्या, सुमारे १,८००. शुल्कातून सरकारला मिळालेला पैसा वजा केल्यावरही ग्राहकांना पडलेला भुर्दंड नोकरीमागे वर्षाला ८ लाख १५ हजार डॉलर. तो कामगार याच्या जवळपासही पगार घेत नव्हता, हे वेगळं सांगायला नको.

---

तिरकस

त्या कामगाराला घरी बसवून निम्मे पैसे दिले असते तरी देश फायद्यात राहिला असता. पण मग कारखान्याच्या उद्घाटनाची फीत कोण कापणार?

---

दुर्बीण

विनोद ठीक आहे, पण 'घरी बसवून पैसे द्या' हे खरोखर कुठे झालंय ते सांगा. मुक्त व्यापाराच्या बाजूचं माझ्या मते सगळ्यात मोठं थकलेलं देणं हेच आहे.

१९३९ पासून कॅल्डॉर आणि हिक्स या अर्थतज्ज्ञांच्या नावाने शिकवतात की व्यापारातून झालेला फायदा इतका असतो की तोटा झालेल्यांना भरपाई देऊनही उरतो. उरतो, मान्य. दिली कोणी? अमेरिकेत १९६२ पासून व्यापारामुळे नोकरी गेलेल्यांसाठी खास योजना होती. कायम अपुरी, कायम कागदांत अडकलेली, आणि २०२२ मध्ये तिची मुदत संपली ती संसदेने वाढवलीच नाही. म्हणजे तुमच्या सिद्धांतात लॉबी नसलेल्या लोकांचं जे होतं तेच झालं.

ऑटर, डॉर्न आणि हॅन्सन यांचं २०१३ चं संशोधन बघा. १९९० ते २००७ या काळात अमेरिकेत कारखान्यांतल्या ज्या नोकऱ्या घटल्या, त्यातल्या सुमारे पाव भागाचा संबंध चीनमधून आलेल्या मालाशी होता. पाठ्यपुस्तक म्हणतं की कामगार दुसऱ्या उद्योगात, दुसऱ्या गावात जाईल. तो गेला नाही. घर विकलं जात नाही, कारण गावातले सगळेच विकतायत. बायकोची नोकरी तिथेच, म्हातारे आईबाप तिथेच. फर्निचर बनवणाऱ्या गावांत दहा-पंधरा वर्षांनीही पगार आणि रोजगार सावरले नव्हते. तोटा 'चिमूटभर आणि विखुरलेला' असतो म्हणता ना, इथे तो एकेका जिल्ह्यावर कोसळला. विखुरलेला होता तो फायदा.

---

वजनकाटा

हा प्रतिसाद धाग्यातला सगळ्यात दमदार. मात्र तेच ऑटर, डॉर्न आणि हॅन्सन आणखी एका सहकाऱ्याला घेऊन २०२४ मध्ये पुढचा अभ्यास घेऊन आलेत, तोही जोडून वाचावा. २०१८-१९ च्या शुल्कांनी ज्या उद्योगांना आडोसा दिला, तिथे रोजगार वाढला का? त्यांना दखल घेण्याजोगी वाढ सापडली नाही. चीनने उलट लावलेल्या शुल्कांचा फटका मात्र दिसला, मुख्यतः शेतीत. आणि तरीही आडोसा मिळालेल्या भागांत शुल्क लावणाऱ्या पक्षाची मतं वाढली.

जखम खरी, पण हे औषध त्या जखमेवर चाललं नाही. मतपेटीवर चाललं.

---

नवखा वाटसरू

पहिलाच प्रतिसाद आहे, सांभाळून घ्या. पण व्यापार तूट म्हणजे तोटाच ना? आयात जास्त, निर्यात कमी, तर फरकाचे पैसे देशाबाहेर जाणार. मग शुल्क लावून आयात कमी केली तर तूट भरून निघायला हवी.

---

गलबत

स्वागत. थोडक्यात सांगतो, नाहीतर धागा फाटेल.

बाहेर गेलेले डॉलर कपाटात बसत नाहीत. ते परत येतात: निर्यात विकत घ्यायला, नाहीतर रोखे, समभाग, कारखाने विकत घ्यायला. देश जेवढी बचत करतो त्यापेक्षा जास्त गुंतवणूक करत असेल, तर फरक बाहेरून येतो आणि तोच आकडा व्यापार तूट म्हणून दिसतो. अमेरिकेची मालाच्या व्यापारात १९७६ पासून दर वर्षी तूट आहे. उलट १९३० च्या महामंदीत तिचं आधिक्य होतं, आणि ते दशक कुणालाही परत नको असेल. तूट कधी काळजीची असते, कधी नसते. उधार घेतलेला पैसा कारखान्यात गेला की उधळपट्टीत, त्यावर ते ठरतं.

शुल्काने आयात घटते, पण निर्यातही घटते. ॲबा लर्नर यांनी १९३६ मध्ये दाखवलं की आयातीवर सरसकट लावलेला कर शेवटी निर्यातीवरच्या करासारखाच वागतो. परकीय चलनाची मागणी कमी झाली की आपलं चलन महाग होतं आणि आपला माल बाहेर विकणं जड जातं. शिवाय बाकीचे देश गप्प बसत नाहीत. १९३० मध्ये हजारावर अमेरिकी अर्थतज्ज्ञांनी अध्यक्ष हूवर यांना शुल्कवाढीच्या विधेयकावर सही करू नका म्हणून निवेदन दिलं होतं. त्यांनी केली. कॅनडाने लगोलग उलट शुल्क लावलं.

---

सीमारेषा

सगळे किमती आणि नोकऱ्या मोजतायत. युद्ध कोणी मोजत नाही. सगळ्यात प्रगत चिप्सचा फार मोठा हिस्सा एकट्या तैवानमधून येतो. २०२० मध्ये मास्क आणि औषधांच्या निर्यातीवर किती देशांनी बंदी घातली ते आठवा. अशा वेळी 'स्वस्त मिळतं तिथून घ्या' हे धोरण देशाला भिकेला लावेल. काही गोष्टी महाग पडल्या तरी घरीच बनवायच्या असतात.

---

वजनकाटा

तत्त्वतः सहमत. इंग्लंडच्या जुन्या नौकानयन कायद्यांबद्दल लिहिताना समृद्धीपेक्षा देशाचं संरक्षण महत्त्वाचं, असं स्मिथ यांनीच म्हटलंय. पण हेच कारण पुढे करून केलेला एक जुना प्रयोगही तपासा.

अमेरिकेचा १९२० चा जोन्स कायदा. देशातल्या एका बंदरातून दुसऱ्या बंदरात माल न्यायचा तर जहाज अमेरिकेत बांधलेलं, अमेरिकी मालकीचं आणि प्रामुख्याने अमेरिकी खलाशांचं हवं. कारण: युद्धात जहाजं आणि गोद्या हाताशी हव्यात. शंभर वर्षांनी परिस्थिती काय? तिथे मोठं व्यापारी जहाज बांधायला कोरिया-जपानच्या कित्येक पट खर्च येतो, त्यामुळे फारच थोडी बांधली जातात, आहेत ती म्हातारी होत चाललीत, आणि जगातल्या व्यापारी जहाजबांधणीत अमेरिकेचा वाटा नगण्य आहे. २०१७ मध्ये मारिया चक्रीवादळाने पोर्तो रिको उद्ध्वस्त झालं, तेव्हा मदत पोचवायला हाच कायदा दहा दिवस बाजूला ठेवावा लागला.

ज्या गोष्टीसाठी भिंत बांधली ती आत वाढलीच नाही. चिप्सचं संरक्षण करायचं असेल तर निदान साठा, दोन-तीन मित्रदेशांतले पुरवठादार किंवा अर्थसंकल्पात उघड दिसणारं अनुदान असं काहीतरी करा. अनुदानाचा आकडा दर वर्षी संसदेसमोर येतो, कोणीतरी प्रश्न विचारू शकतो. शुल्काचा आकडा ग्राहकाच्या बिलात मुरतो.

---

सीमारेषा

उघड अनुदानाचा मुद्दा पटला. साठ्याचा नाही पटला, चिप्स दोन-तीन वर्षांत जुन्या होतात.

---

धुरकट

बरं, मग उठवलं तर लोक मरतात असं जे सांगितलं जातं त्याचं काय? कोणी एका झटक्यात उठवून दाखवलंय का?

---

गलबत

न्यूझीलंड. आणि तेही मजूर पक्षाच्या सरकारने, १९८४ मध्ये, अर्थमंत्री रॉजर डग्लस. तोपर्यंत मेंढीपालकांना सरकार किमान भाव पुरवत होतं, त्यामुळे बाजाराला नको असलेल्या मेंढ्याही वाढवणं परवडत होतं. देशात सुमारे ७ कोटी मेंढ्या झाल्या होत्या. तिजोरी रिकामी झाली आणि अनुदानं भराभर काढून टाकली.

गोड गोष्ट नाही ही. व्याजदर २० टक्क्यांच्या आसपास गेले, जमिनीचे भाव कोसळले, कर्ज काढून जमीन घेतलेले तरुण शेतकरी सगळ्यात जास्त भरडले गेले. सुमारे ८,००० शेतकरी उठतील असा सरकारचा अंदाज होता. प्रत्यक्षात शेती सोडावी लागली ती साधारण ८०० जणांना. बाकीच्यांनी मेंढ्या कमी केल्या आणि दुग्धव्यवसाय, हरणांचं मांस, द्राक्षं असं जे विकलं जाईल ते धरलं. आज मेंढ्या तेव्हाच्या निम्म्याहूनही कमी आहेत. अनुदान परत द्या अशी जोरदार मागणी तिथल्या शेतकऱ्यांची संघटना करत नाही, हे मला जास्त बोलकं वाटतं.

मात्र तिथे सगळ्यांचंच एकदम काढलं होतं. शेजाऱ्याचं चालू आणि माझंच बंद, असं झालं असतं तर रस्त्यावर रण पेटलं असतं.

---

दुर्बीण

आणि घटनात्मक अडसर जवळपास नसलेला, एकच सभागृह असलेला छोटा देश होता, हेही जोडा. मोठ्या देशात असं एका हाताने होत नाही.

---

वजनकाटा

मोठ्या देशात दुसऱ्या लॉबीला उठवावं लागतं. बुश यांनी मार्च २००२ मध्ये पोलादावर ३० टक्क्यांपर्यंत शुल्क लावलं, तीन वर्षांसाठी. जागतिक व्यापार संघटनेत निकाल विरोधात गेला. युरोपने उलट शुल्कांची यादी काढली आणि त्यात फ्लोरिडाची संत्री घातली. निवडणूक तोंडावर, राज्य अटीतटीचं. डिसेंबर २००३ मध्ये शुल्क मागे. ओल्सन यांच्या सिद्धांताला यात कुठे धक्का लागत नाही, फक्त संत्रीवाले पोलादवाल्यांच्या समोर उभे केले गेले.

पण हीच संघटना अँटी-डंपिंग शुल्काचा (परदेशी माल रास्त किमतीपेक्षा स्वस्तात ओतला जातोय म्हणून लावलेल्या शुल्काचा) पाच वर्षांनी फेरविचार करा म्हणते आणि तिथे मात्र पळवाट आहे: उठवलं तर नुकसान पुन्हा होईल असं दाखवलं की आणखी पाच वर्षं. काँक्रीटमध्ये घालायच्या जपानी पोलादी तारेवर अमेरिकेने १९७८ मध्ये असं शुल्क लावलं. चाळीस वर्षं उलटून गेल्यावरही ते चालूच होतं.

---

तिरकस

बाल-उद्योगाला आता नातवंडं झाली असतील.

---

नवखा वाटसरू

गलबत, धन्यवाद, लर्नरचं पुन्हा दोनदा वाचतो. एक शंका: कोणत्याच देशाने कुणाशी करार न करता, एकतर्फी सगळं शुल्क काढलेलं नाही का?

---

वजनकाटा

काढलंय. हाँगकाँग आणि सिंगापूर ही बंदरं आहेत म्हणून लोक ती उदाहरणं बाजूला सारतात, तर एस्टोनिया घ्या. सोव्हिएत संघातून बाहेर पडल्यावर १९९० च्या दशकात त्यांनी जवळपास सगळं आयात शुल्क काढून टाकलं, शेतमालावरचंसुद्धा. पुढे २००४ मध्ये युरोपीय संघात शिरताना त्यांना संघाचं सामाईक शुल्क स्वीकारावं लागलं, म्हणजे 'मुक्त बाजारपेठेत' सामील होण्यासाठी बाहेरच्या जगावर नव्याने कर बसवावे लागले. अँटी-डंपिंगवर कोणीतरी वेगळा धागा काढा, त्यातला 'रास्त किंमत' ठरवायचा हिशोब इथे मांडला तर पान पुरणार नाही.